मागची चाकं ढकलतात, मग नाक बाहेर का जातं?

बदलापूरहून बारवी धरणाकडे निघालात आणि पाऊस लागलेला असला, की एखाद्या वळणावर हे कळतं. स्टीअरिंग वळलेलं, पण इको आपली सरळच, रस्त्याच्या कडेला निघालेली. हा अंडरस्टीअर.

‘इको काय, बोलेरो काय, मागच्या चाकांवर चालणारी गाडी शेपूटच काढणार,’ हा पहिला गैरसमज. कंपनी मुद्दाम गाडी अंडरस्टीअरकडे झुकती ठेवते. घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो. वजन पुढे येतं, पुढच्या टायरना पकड मिळते, नाक आत वळतं. उलट वळणातच रेस दिलीत तर नाक हलकं होतं. स्टीअरिंग आणखी पिळूनही उपयोग नाही, टायर नुसता घासतो.

दुसरा गैरसमज महागात पडतो: पुढचा स्टॅबिलायझर, म्हणजे गाडीचं झुकणं रोखणारा दांडा, जाड केला की गाडी चांगली वळते. झुकते कमी, एवढंच खरं. पुढच्या बाहेरच्या चाकावर भार वाढतो आणि पुढच्या जोडीची एकूण पकड घटते. अंडरस्टीअर कमी करायचा तर पुढे मऊ, नाहीतर मागे कडक. पण मागे फार कडक केलंत तर ओल्या रस्त्यावर शेपूट खरोखरच निघेल. शाळेची मुलं नेणाऱ्या गाडीत हा खेळ नकोच.

खर्चाआधी एक खडू घ्या. सकाळी टायर थंड असताना दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. पुढच्या टायरची नक्षी संपून भिंत सुरू होते, तिथे खडूचा आडवा पट्टा ओढा आणि वळणावळणाच्या रस्त्यावर नेहमीच्या वेगात चक्कर मारून या. खडू भिंतीवरूनही पुसला गेला असेल तर टायर मुडपतोय; पुढे दोन पीएसआय वाढवून पाहा. दोन्ही पुढचे टायर बाहेरच्या कडेला झिजत असतील तर टो, म्हणजे चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत, ते तपासून घ्या. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, मात्र बऱ्याच साध्या गाड्यांत फिरवताच येत नाही. तो बिघडला असेल तर बुश आणि स्ट्रट बघायला सांगा.

आणि दोनच नवे टायर घेतलेत तर ‘पुढे टाका, वळेल चांगली’ हे ऐकू नका. ते मागेच जातात. पावसात शेपूट सुटणं नाक सुटण्यापेक्षा वाईट.

तेच वळण 40 ऐवजी 50 च्या वेगाने घेतलंत, तर टायरकडून दीडपटीहून जास्त पकड लागते. ती कुठल्याही सेटिंगमधून मिळत नाही. ब्रेक वळणाआधीच मारा.