बागा राहिल्या, नांवें गेलीं

वंशावळ, सनद, जमिनीचें खत आणि जन्मपत्रिका हे कागद पेटींत जपून ठेवण्याची चाल आपल्या घराण्यांतून पूर्वापार चालत आली आहे. परंतु त्याच घरांतील एखाद्या काकांची नोकरीतील टिपणवही, बदलीचा हुकूम किंवा वरिष्ठांस लिहिलेल्या पत्राची नक्कल त्यांच्या पश्चात् रद्दीवाल्याकडे जाते. घराचा इतिहास तेवढा आपला आणि नोकरीचा इतिहास सरकारचा, अशी आपली समजूत आहे. ही समजूत किती महाग पडते हें दाखविण्यासाठीं वनस्पतींच्या बागांचें उदाहरण आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

महाराजबाग ठाऊक नाहीं असें मूल नागपुरांत क्वचितच सांपडेल. ही भोसल्यांची बाग. १८५४ मध्यें राज्य खालसा झाल्यावर ती इंग्रजांकडे गेली व पुढें शेतकी खात्याच्या हातीं आली. नागपूरचें शेतकी कॉलेज १९०६ सालचें. शेतकी खात्यांतील वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रॅहॅम यांनीं नागपूर व तेलंगखेडी येथील सरकारी शेतांवर आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींची यादी १९११ मध्यें प्रसिद्ध केली. अशी यादी कोठेंहि एकट्याच्या हातून होत नसते. बांधाबांधानें हिंडून रोप आणणारा, तें दाबून वाळविणारा, त्याचें गांवठी नांव सांगणारा आणि तें सर्व सुवाच्य अक्षरांत उतरून घेणारा, असे अनेक हात तिच्या मागें असतात. या हातांचीं नांवें पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येत नाहींत. तीं हजेरीपटांत, पगारपत्रकांत आणि टिपणवह्यांत असतात.

या वह्यांचें मोल काय, अशी शंका कोणी घेईल. वनस्पतिशास्त्राची रीत अशी आहे कीं, फुलासह डहाळी तोडावयाची, टीपकागदांत दाबून वाळवावयाची, जाड कागदावर बसवावयाची आणि कोपऱ्यांत चिठ्ठी लावावयाची. चिठ्ठीवर स्थळ, तारीख, गोळा करणाराचें नांव आणि त्याचा अनुक्रमांक असतो. पुष्कळदां चिठ्ठीवर जेमतेम आंकडा पडतो व बाकीचा मजकूर वहींत राहतो. झाड ओढ्याकांठीं होतें कीं टेकडीवर, वाळण्यापूर्वीं फुलाचा रंग कोणता होता, गांवकरी त्यास काय म्हणतात, कोणत्या दुखण्यावर तें देतात, हें सारें वहींत. वही हरवली कीं आंकडा मुका होतो. शंभर वर्षांपूर्वीं या ओढ्यावर कोणती वनस्पति होती आणि आज ती कां दिसत नाहीं, असें विचारणाऱ्या अभ्यासकास मग उत्तर मिळत नाहीं.

नागपुराच्या वांट्यास या बाबतींत एक भाग्याचा प्रसंग आलेला आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनीं आपले सहकारी हंटर यांच्यासह नागपूरच्या आसपासच्या खडकांतून प्राचीन वनस्पतींचे अवशेष गोळा केले, आणि त्या संग्रहाचें वर्णन बन्बरी यांनीं १८६१ मध्यें विलायतेंत प्रसिद्ध केलें. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटाकडील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना हिस्लॉप नदींत बुडून मरण पावले. त्यांचीं आदिवासी जमातींविषयींचीं टिपणें अपुरींच होतीं. परंतु चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीं तीं एकत्र करून १८६६ मध्यें छापविलीं. माणूस गेल्यावर तीन वर्षांच्या आंत कोणी तरी त्याचे कागद उलगडले, म्हणून तें काम आपणांस वाचावयास मिळतें. सर्वांचेंच नशीब असें नसतें.

याच्या उलट गोष्ट पुण्याजवळच्या दापोडीची आहे. तेथील कॅप्टन फोर्ड यांचा बंगला व बाग १८२८ मध्यें गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दींत सरकारनें घेतली आणि तेथें वनस्पतींची बाग सुरू झाली. १८३८ पासून डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन तिचे अधीक्षक होते. जुन्नरजवळ हिवरें येथेंहि त्यांच्या देखरेखीखालीं औषधी वनस्पतींची लागवड होत असे. पुढें डाल्झेल यांच्यासह त्यांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्यें प्रसिद्ध केला. १८४७ ते १८५० या काळांत गिब्सन यांनीं एका चित्रकाराकडून वनस्पतींचीं सुमारें १७० रंगीत चित्रें काढवून घेतलीं. तीं आज एडिंबरोच्या बागेच्या संग्रहांत आहेत, आणि हेन्री नोल्टी या अभ्यासकानें २००२ मध्यें त्यांवर ग्रंथ लिहिला. गिब्सन यांचें चरित्र पत्रांवरून व सरकारी दप्तरांवरून जुळवितां आलें. परंतु ज्यानें पानाची शीर न् शीर रेखाटली, तो पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता यापलीकडे फारसें कळत नाहीं. त्याचें नांव कोणी लिहून ठेवलें नाहीं.

कलकत्त्यानजीक शिबपूर येथें १७८७ मध्यें स्थापन झालेल्या बागेची हकीकत याच धर्तीची आहे. रॉक्सबर्ग यांनीं तेथें देशी चित्रकारांकडून अडीच हजारांवर चित्रें करवून घेतलीं, पण ते चित्रकार बहुतेक अनामिकच राहिले. त्यांच्या मागून आलेल्या वॉलिक यांच्या १८३० ते १८३२ मधील ग्रंथांत मात्र चित्रांखालीं विष्णुप्रसाद व गोराचंद हीं नांवें छापलीं गेलीं. त्या दोन ओळींच्या जागेमुळें ते दोघे आज नांवानें ओळखले जातात.

आतां आणखी मागें जाऊन पाहूं. सतराव्या शतकांत मलबारचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानें त्या प्रांतांतील वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. त्याचा पहिला खंड १६७८ मध्यें आम्स्टरडॅम येथें निघाला. वनस्पतींची माहिती देणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट असे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते. आपण कोणतें काम केलें याचा त्यांनीं १६७५ मध्यें कोंकणी भाषेंत, नागरी लिपींत लिहून दिलेला दाखला त्या खंडांत जसाच्या तसा छापला आहे. इट्टी अच्युतन् या एळवा जातीच्या मलबारी वैद्याचाहि दाखला त्याच्या स्वतःच्या लिपींत तेथें आहे. दापोडीच्या चित्रकाराहून हे चौघे पावणेदोनशें वर्षांनीं जुने, तरी त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. विद्वत्तेचा हा भेद नव्हे. एकाच्या वेळीं कागद झाला आणि टिकला, दुसऱ्याच्या वेळीं तो झालाच नाहीं किंवा गेला, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडील कारकून, मदतनीस व संग्राहक यांच्यापैकीं ज्यांची नोंद राहिली त्यांना जगानेंहि मान दिला आहे. थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळांत निघालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथांत कानिटकर, रानडे, भिवा अशीं नांवें संग्राहक म्हणून ठिकठिकाणीं आढळतात. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील भिडे यांच्या गौरवार्थ गवताच्या एका प्रजातीस 'भिडेआ' असें शास्त्रीय नांव १९४९ मध्यें प्रसिद्ध झालें.

नागपुराच्या बाबतींत काळजीचें आणखी एक कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचें राजधानीपण गेलें, मध्यप्रदेशाचा कारभार भोपाळला गेला आणि विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला. राज्याची वांटणी झाली कीं दप्तरांचीहि होते, आणि वांटणींत धाकट्या नोकराच्या वहीस वाली नसतो. अशा वेळीं कित्येकदां सरकारी प्रतीहून घरांतील प्रतच अधिक टिकाऊ ठरते. शेतकी खात्यांत, जंगलखात्यांत किंवा बागेच्या कचेरींत ज्यांचे आजोबा-पणजोबा होते अशीं घरें आमच्या वाचकांत थोडीं नसतील.

म्हणून आमची विनंति अशी आहे. माळ्यावरच्या ट्रंका उघडा, पण घाईनें आवराआवर करूं नका. कागद ज्या क्रमानें सांपडले त्याच क्रमानें राहूं द्या, कारण तो क्रमहि माहिती देतो. गंजलेल्या टांचण्या हलकेच काढा. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नका, आणि पान प्लॅस्टिकमध्यें बंद करून घेऊं नका. ओल व ऊन या दोहोंपासून पेटी दूर ठेवा. हे कागद कोणाचे, कोणत्या सालचे व कोणत्या गांवचे, हें वेगळ्या कागदावर पेन्सिलीनें लिहून सोबत ठेवा. घरांत वडीलधारीं माणसें असतील तर छायाचित्रांतील नांवें आजच विचारून घ्या. हें काम घरांतील सुनामुलींनीं मनावर घेतलें तर उत्तम होईल, कारण कोणत्या ट्रंकेंत काय आहे हें बहुधा त्यांनाच ठाऊक असतें. मग नागपुरांतील राज्य पुराभिलेखागाराच्या कचेरींत किंवा एखाद्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागांत ते दाखवावे. मूळ कागद देणें जिवावर येत असेल तर निदान नक्कल द्यावी.

यांत केवळ आपल्या पूर्वजांचीच आठवण राहते असें नाहीं. हजेरीपट लिहिणारा आपल्या घरांतील असेल, पण त्या पटावरील माळी, पाणके, रोपें आणणारे गोंड व कोष्टी हे लिहिणारे नव्हते. त्यांचें नांव कोठें उरलें असेल तर तें आपल्या आजोबांच्या अक्षरांतच उरलें असण्याचा संभव आहे. ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांच्या वंशजांवर, ज्यांच्या हातीं खुरपें होतें त्यांचें हें ऋण आहे. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण आपण मानतों. त्यांत या चवथ्या ऋणाची भर घालावयास हरकत नसावी. तें फेडण्यास द्रव्य लागत नाहीं, एक दुपार आणि एक कोरडी पेटी पुरते.