फडातून आलेली आडनावं

पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईत आलं की मेणवली जवळच. कृष्णाकाठी तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. तो पाहायला पर्यटक रोज येतात, पण नानांचं मूळ आडनाव भानू होतं हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असतं. हे घराणं कोकणातल्या वेळासचं. आजोबा बाळाजी महादेव भानू 1719 मध्ये दिल्लीच्या स्वारीत कामी आले आणि पुढे फडणिशी याच घराण्यात चालत राहिली. 1742 मध्ये साताऱ्यात जन्मलेले बाळाजी जनार्दन भानू इतिहासात उरले ते नाना फडणवीस म्हणून.

फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा आणि 'फर्द' म्हणजे हिशेबाचा कागद, यादी. फर्दनवीसाचा फडणवीस झाला, बोलताना आणखी आखडून फडणीस. पत्रं लिहिणारा तो चिटणीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी मूळचे चित्रे. वंशज मात्र चिटणीसच राहिले.

हुद्द्याने मूळ आडनाव गिळावं, इतकं त्या कामात होतं तरी काय? पेशव्यांच्या फडावर, म्हणजे हिशेबाच्या कचेरीत, रोजचा जमाखर्च रोजकीर्दीत चढे, त्यावरून तेरजा म्हणजे गोषवारे निघत, मग ताळेबंद. मोडीत लिहिलेल्या या कागदांवर सरदारांच्या सरंजामाचा आणि फौजेच्या खर्चाचा हिशेब उभा असे. ज्याच्या हाती हे कागद, त्याच्या हाती राज्याची नाडी. नानांनी ते सिद्धच करून दाखवलं. शिवाय हुद्दा बापाकडून मुलाकडे जाई. दोन-तीन पिढ्या तेच काम केल्यावर गाव त्या घराला कामानेच ओळखू लागे.

जर्मनीतही असंच घडलं. तिथे आडनावं मध्ययुगात, साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात रुजली. सर्वांत जास्त आढळणारं म्युलर म्हणजे गिरणीवाला. त्याखालोखाल श्मिट, म्हणजे लोहार. श्रायबर हा लेखनिक, आपला नवीसच. शुल्त्झ हे आडनाव आलं गावचा सारा आणि देणी वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यावरून. आपल्या पाटलाचाच तो भाऊबंद!

एक फरक मात्र मोठा आहे आणि तो झाकून चालणार नाही. श्मिटच्या मुलाला आडनावाने भात्याशी बांधून ठेवलं नाही. आपल्याकडे लोहार, सुतार, कुंभार ही नावं धंद्याइतकीच जातीचीही झाली. लेखणीवाल्यांच्या आडनावाला मान मिळाला. हातोडीवाल्यांच्या वाट्याला तेवढा आला नाही. हा अन्यायच होता.

हुद्दे गेले, आडनावं राहिली. कुलकर्णी वतन 1950 च्या कायद्याने बंद झालं, मुलकी पाटीलकी 1962 च्या. आज कुलकर्णी संगणकावर बसतात आणि पाटील दवाखाना चालवतात.

मेणवलीच्या वाड्यातलं नानांचं दप्तर मात्र वाचलं. साताऱ्याचे इतिहाससंग्राहक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते मिळवलं. एका फडणवीसाचे कागद एका पारसनीसाने राखले! त्यांचा साताऱ्यातला संग्रह 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तुमच्या घरीही माळ्यावर मोडीतलं एखादं बाड पडलं असेल, तर रद्दीत घालण्याआधी मोडी जाणणाऱ्याला जरूर दाखवा. तुमचं जुनं आडनाव त्यात सापडू शकतं.