खुशामत आणि खरी स्तुति

स्तुति कोणास आवडत नाहीं? लहान मुलापासून राजापर्यंत सर्वांस ती गोड लागते, व त्यांत दोषहि नाहीं. चांगल्या कामास चांगलें म्हणणें हा न्यायच होय. परंतु ज्या स्तुतीवर बोलणाऱ्याचा स्वतःचाच विश्वास नसतो, व जी कांहीं तरी पदरांत पाडून घेण्याकरितां केलेली असते, तिला खुशामत म्हणतात.

आपल्या भाषेनें या दुर्गुणाचीं चित्रें मोठ्या मार्मिकपणें काढिलीं आहेत. ‘लांगूल’ म्हणजे शेपूट. तेव्हां तुकड्याच्या आशेनें शेपूट हालविणाऱ्या कुत्र्यासारखें जें वर्तन, तें लांगूलचालन. दुसरा वाक्प्रचार ‘हरभऱ्याच्या झाडावर चढविणें’ हा. हरभऱ्याचें झाड तें केवढें? फार तर गुडघाभर. त्यावर चढलेला मनुष्य आपण उंच गेलों असें मानतो; पाहणाऱ्यांस मात्र तो होता तेथेंच दिसतो.

खुशामतीनें पहिलें नुकसान ऐकणाऱ्याचें होतें. रामायणांत मारीच रावणास सीताहरणापासून परावृत्त करूं पाहतो. रामाचा पराक्रम त्यानें स्वतः अनुभविला होता. परंतु रावणानें त्यासच ठार मारण्याची धमकी दिली. पुढें युद्धाचा प्रसंग आला, तेव्हां प्रहस्तादि मंत्र्यांनीं राजाच्या बळाची वाखाणणीच केली. बिभीषणानें खरें सांगितलें, आणि त्यास लंका सोडावी लागली. सत्य सांगणाऱ्यास जेथें शिक्षा होते, तेथें शेवटीं खुशामत करणारेच उरतात.

दुसरें नुकसान बोलणाऱ्याचें. सिसिली बेटांत सिराक्यूज येथें डायोनिसियस नांवाचा जुलमी राजा इ. स. पूर्वीं ४०५ पासून ३६७ पर्यंत राज्य करीत होता. त्याच्या दरबारच्या डॅमोक्लीज नांवाच्या तोंडपुज्या मनुष्याची कथा रोमन ग्रंथकार सिसेरो यानें सांगितली आहे. राजाइतका सुखी कोणी झालाच नाहीं, असें तो म्हणे. राजानें त्यास सोन्याच्या आसनावर बसविलें, पक्वान्नें वाढविलीं, आणि त्याच्या डोक्यावर घोड्याच्या एका केसानें तरवार टांगविली. डॅमोक्लीज भयभीत होऊन ‘मला जाऊं द्या’ अशी विनवणी करूं लागला. ज्या सुखाचे गोडवे त्यानें गाइले, तें त्यास घटकाभरहि सोसवलें नाहीं. अशाच्या शब्दास मग काय किंमत राहिली?

खरी स्तुति ओळखावी कशी? ग्रीक ग्रंथकार प्लूटार्क यानें यावर एक निबंधच लिहिला असून त्यांत खुशामत्यास सरड्याची उपमा दिली आहे. समोरचा मनुष्य बदलला कीं त्याचा रंग बदलतो. खरी स्तुति तोंडावर व पाठीमागें सारखीच असते. शिवाय ती नेमकी असते. ‘तुझा निबंध अप्रतिम आहे’ असें कोणीहि म्हणेल; ‘पुराचें वर्णन उत्तम साधलें आहे, शेवट मात्र घाईचा झाला’ असें म्हणण्यास निबंध वाचावा लागतो.

पालकांसहि एक विनंति आहे. पाहुण्यांसमोर मुलाची भलतीच वाखाणणी केली, तर मूल तें खरें मानून आळशी बनतें, किंवा खोटें ओळखून आपल्या शब्दावरील विश्वास सोडतें. म्हणून कौतुकच करूं नये असें मात्र नाहीं. ज्यास घरीं खरें कौतुक मिळत नाहीं, तो बाहेरच्या खोट्या कौतुकास लवकर भुलतो.

विद्यार्थिमित्रांनो, कोणी स्तुति करूं लागला म्हणजे मनास एकच प्रश्न विचारा: माझी चूक दिसली असती, तर ती यानें मला सांगितली असती काय? उत्तर ‘होय’ असें येईल, तर ती स्तुति आनंदानें घ्या. आणि तुमच्याविषयीं इतरांस तेंच उत्तर देतां येईल, असें वागत जा.