प्लग बंद पडला, पण करंट गेला का?

मंडळी, घरात दिवे लागलेत, पंखा फिरतोय, पण ओट्याजवळच्या प्लगात मिक्सर लावला तर ढिम्म. असं झालं की बरेच जण लगेच पेचकस घेऊन बोर्ड उघडायला बसतात. जरा थांबा. प्लग बंद आहे म्हणजे त्यात वीज नाही, असं धरून चालू नका.

आधी दोष कोणाचा ते ठरवा. मिक्सर दुसऱ्या चालू प्लगात लावून पाहा. तिथेही चालला नाही तर प्लग निर्दोष. पुष्कळ मिक्सरना बुडाशी लहानसं बटण असतं. लोड जास्त झाला की ते बाहेर येतं. ते आत दाबलं की काम भागतं!

मिक्सर दुसरीकडे चालला, तर मेन बोर्ड पाहा. एमसीबी पडला असेल तर मिक्सरची पिन काढून एकदाच वर करा. लगेच पुन्हा पडला तर कुठेतरी शॉर्ट आहे, दाबून धरू नका. चिनी मातीचा फ्यूज असेल तर मेन स्विच बंद करून तो काढा आणि पहिल्याइतक्याच जाडीची फ्यूजची तार घाला. जाड तांब्याची तार घातली तर फ्यूज उडायचा थांबतो खरा, पण मग भिंतीतली वायर जळते.

इथवर सगळं ठीक असेल तर टेस्टर घ्या. आधी चालू प्लगात तो पेटतो का ते पारखा. हात कोरडे, पायात चप्पल, आणि बोट टेस्टरच्या पात्याला लागू द्यायचं नाही. तीन भोकांच्या प्लगात वरचं मोठं भोक अर्थिंगचं, समोरून पाहताना उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. बटण चालू करून उजवीकडे टेस्टर पेटला नाही, तर फेज येत नाही. बटण तरी खराब किंवा वायर तरी सुटलेली.

टेस्टर पेटतोय आणि मिक्सर मात्र चालत नाही, हा प्रकार फसवा. इथे बहुधा न्यूट्रल तुटलेली असते. पाटाला पाणी आलंय, पण पुढे जायला वाट नाही, तसं. प्लग मेल्यासारखा दिसतो, आत मात्र २३० व्होल्ट उभे असतात. त्याच लाइनवर एखादं यंत्र चालू ठेवलेलं असेल तर फेज त्याच्यातून फिरून तुटक्या न्यूट्रलवरही येतो आणि टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो. न्यूट्रलच आहे म्हणून हात लावणारा इथेच फसतो.

बटण बंद केलं म्हणजे झालं, असंही नाही. वायरिंग करताना बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल, तर ते बंद असतानाही फेज प्लगात राहतो. म्हणून बोर्ड उघडायचा तर मेन स्विचच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही. नंतर पुन्हा टेस्टर लावून खात्री करा.

आत बहुतेक वेळा ढिला स्क्रू सापडतो, नाहीतर मुंग्यांचं वारूळ किंवा उंदरानं कुरतडलेली वायर. स्क्रू आवळणं जमण्यासारखं आहे. पण प्लग काळा पडलेला असेल, जळका वास येत असेल, भिंत पावसानं ओलावलेली असेल, तर मेन बंदच ठेवून परवानाधारक वायरमनला बोलवा. साऱ्या घराचीच वीज गेली आणि दोष मीटरच्या अलीकडे, खांबाकडे वाटला, तर महावितरणला १९१२ वर कळवा. खांबावर स्वतः चढू नका.