आरशाचा पारा उडाला म्हणजे नक्की काय झालं?

एसटीत रेंज गेली म्हणून भाग अर्धवट राहिला असेल, तर हा घ्या लिखित मजकूर. आजचा विषय आहे भिंतीवरचे जुने आरसे.

आरसा काळा पडला की आपण म्हणतो, 'पारा उडाला.' आता गंमत बघा. आपल्या घरातल्या बहुतेक आरशांत पारा नसतोच. मग हा शब्द आला कुठून?

पारा, मग चांदी

युरोपात साधारण सोळाव्या शतकापासून आरसे असे करायचे: कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची आणि वजन ठेवायचं. जादा पारा निथळायला कित्येक दिवस जायचे. पाऱ्याच्या वाफेनं कारागिरांची तब्येत खलास व्हायची.

१८३५ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं दुसरी वाट दाखवली. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून काचेवर चांदीचा पातळ थर बसवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत पसरली आणि विसावं शतक उजाडेपर्यंत पाऱ्याचे आरसे जवळपास बंद झाले. आजच्या स्वस्त आरशांत चांदीऐवजी अ‍ॅल्युमिनियमही असतं. पारा गेला, शब्द राहिला.

आधी मागची बाजू बघा

हे सगळं मी शोधलं त्याला कारण आहे. धसईचं आमचं जुनं घर उतरवून तिथे स्लॅबचं घर होतंय. मुरबाड-शहापूरकडे सध्या गावोगाव हेच चाललंय. ओटीवर सागवानी चौकटीचा मोठा आरसा आहे, कडेनं काळा पडलेला. जुनं सामान घेणारे एक जण आले आणि म्हणाले, "पारा उडालाय, काय उपयोग? हा द्या, बदल्यात नवा कोरा देतो." काका जवळजवळ तयार झाले होते. मी म्हटलं, "काका, आधी उघडून तर बघू."

तुम्हीही बघा. गोष्टी चारच आहेत.

एक, मागचा रंग. फळी काढल्यावर काचेमागे तांबूस-तपकिरी किंवा दुसरा कसला रंग दिसला, तर बहुधा चांदीचा आरसा. रंगच नाही, नुसता राखाडी धातू चमकतोय, तर पारा-कथलाचा असू शकतो.

दोन, पांढरा कागद समोर धरा. चांदीच्या आरशात तो किंचित उबदार दिसतो, पाऱ्याच्या आरशात निळसर-राखाडी.

तीन, काच. तिरकं उभं राहून खिडकीचं प्रतिबिंब बघा आणि डोकं हळू हलवा. सरळ रेषा लाटेसारखी हलली तर काच जुन्या पद्धतीची असण्याची शक्यता जास्त. आजची सपाट काच फ्लोट पद्धतीची, वितळलेल्या कथलावर तरंगवून केलेली. ती पद्धत पिल्किंग्टन कंपनीनं १९५९ मध्ये जाहीर केली.

चार, स्क्रू. चांदणीसारख्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला. 'शंभर वर्षांची' चौकट आणि आत तसा स्क्रू, म्हणजे एकतर दुरुस्ती झालीय किंवा कुणीतरी थाप मारतंय.

आमच्या आरशाला मागे तांबूस रंग निघाला, काच लाटेची, आणि चारपैकी दोन स्क्रू चांदणीचे. म्हणजे चांदीचा जुना आरसा, चौकट मधे कधीतरी दुरुस्त केलेली. आजी शांतपणे म्हणाली, "तुझ्या आजोबांनी सुताराला बोलावलं होतं ना." सौदा तिथेच थांबला.

काळं का पडतं?

रंगाच्या थराला कडेनं चीर गेली की ओल आत शिरते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची अभिक्रिया होते आणि ती काळी पडते, भांड्यातली चांदी पडते तशीच. म्हणून डाग बहुतेकदा कडेनं सुरू होतात आणि खालची कड आधी जाते. का? कारण आपण स्प्रे थेट काचेवर मारतो आणि पाणी ओघळून चौकटीत साचतं.

ठेवायचा तर

- स्प्रे फडक्यावर मारा, काचेवर नाही. अमोनियाचे क्लीनर टाळा. किंचित ओलं मऊ फडकं, मग कोरडं, एवढं पुरतं.
- आपल्याकडचा पाऊस माहितीये. पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर आरसा नको. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत लाकडाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळते.
- काच बदलू नका. नव्यानं चांदी चढवता येते, पण आधी जुना थर खरवडावा लागतो आणि तो परत येत नाही. चेहरा बघायला दुसरा आरसा घ्या, हा भिंतीवर शोभेला राहू द्या. खोलीत उजेड हवा असेल तर खिडकीच्या समोर नाही, शेजारच्या भिंतीवर लावून बघा. डाग कमी जाणवतात.
- पाऱ्याचा निघाला तर मागचा भाग खरवडू नका, तापवू नका. खाली चकचकीत थेंब दिसले तर झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नका. खिडक्या उघडा, लहान मुलांना लांब ठेवा आणि माहितगाराला बोलवा.

विकायचा तर

विकणं काही गुन्हा नाही. पण किंमत कळल्यावर विका. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात एक चक्कर मारा. तिथे जाड काचेच्या, कडा घासलेल्या जवळपास प्रत्येक आरशाला 'बेल्जियम' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात बेल्जियम मोठा काच-निर्यातदार होता हे खरं, पण तोंडी 'बेल्जियम' म्हणजे पुरावा नव्हे. आणि 'अँटिक मिरर' म्हणून मिळणारी ठिपक्यांची काच पुष्कळदा नवीच असते, ठिपके रसायनानं मुद्दाम पाडलेले. म्हणजे तुमच्याकडे जो डाग 'खराबी' म्हणून भाव पाडतो, तोच शहरात पैसे देऊन विकत घेतात!

एक कायद्याची गोष्ट. अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स अ‍ॅक्ट, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या ताईला आजीचा आरसा पाठवायचा बेत असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

थोडक्यात काय, जुनं घर उतरवताना कौलं आणि वासे आपण मोजून घेतो. आरसा मोजायचा राहतो. निदान मागची फळी काढून एक फोटो घ्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा आणि तो कधी, कुठून आला ते रेकॉर्ड करून ठेवा. फोन खिशात आहेच.

तुमच्याकडच्या आरशामागे काय निघालं, ते व्हॉइस नोटवर सांगा. भेटू पुढच्या भागात!