गिरीजच्या वाड्या आणि आपलें परस

गृहव्यवस्थेवर लिहिणारे बहुतेक लेखक स्वयंपाकघरापासून आरंभ करितात. आम्ही ह्या वेळीं परसांतील विहिरीपासून आरंभ करणार आहों. घरच्या माणसांची प्रकृति, देवपूजेच्या फुलांचा ताजेपणा आणि चहाची गोडी ह्या तिन्ही गोष्टी शेवटीं एकाच ठिकाणाहून येतात, आणि नेमकें तेंच ठिकाण नळ आल्यापासून घराघरांतून दुर्लक्षित झालें आहे.

उदाहरणादाखल आम्ही वसईजवळचें गिरीज हें गांव घेतलें आहे. वसई म्हटली कीं शिकलेल्या घरांत चिमाजीअप्पा, १७३९ सालचा विजय आणि १८०२ सालचा तह एवढें आठवतें. गिरीजच्या हिरा डोंगरीवर वज्रगडाचे अवशेष व दत्ताचें मंदिर आहे. तेथें जाणारी मंडळीहि दर्शन घेऊन, प्रसाद खाऊन परततात. परंतु डोंगरीवर दोन घटका उभें राहून खालीं पाहावें. केळी, नारळी आणि फुलझाडें ह्यांचे हिरवे पट्टे, त्यांच्या आडून डोकावणारीं घरें, आणि पश्चिमेस समुद्र. समुद्र इतका जवळ असतां ह्या भूमींत गोडें पाणी लागतें तरी कसें, हा प्रश्न पाहणाराच्या मनांत आल्यावांचून राहूं नये.

तें पाणी फार जुन्या काळापासून लागत आलें आहे. १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत वसईच्या बागाइतांतील ऊस, केळी व पानवेली ह्यांचें वर्णन आहे. कार्तिकांत निर्मळच्या यात्रेंत जीं सुकेळीं विकावयास येतात तींहि ह्याच पाण्याचीं लेकरें होत. पिकलेलीं राजेळी केळीं सोलून, दिवसचे दिवस उन्हांत वाळवून, केळीच्याच सुक्या सोपटांत गुंडाळून ठेवितात. त्यांत साखरेचा कण घालावा लागत नाहीं. मुलांना बाजारी गोळ्या देणाऱ्या आयांनीं एकदां हा जिन्नस घरीं आणून पाहावा, एवढें जातां जातां सांगतों.

आतां त्या गोड्या पाण्याचें मर्म. समुद्राचें पाणी क्षारांमुळें गोड्या पाण्याहून सुमारें अडीच टक्के जड असतें. किनाऱ्याच्या वाळवट जमिनींत मुरलेलें पावसाचें पाणी त्यामुळें खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें, दुधावर साय असावी तसें. डच अभियंता बादोन गायबेन ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि हर्झबर्ग ह्या जर्मन अभियंत्यानें १९०१ सालीं ह्याचा हिशेब बसवून दाखविला. समुद्राच्या पातळीच्या वर गोडें पाणी १ फूट असेल तर त्या पातळीच्या खालीं त्याचा थर सुमारें ४० फूट असतो. हिशेबाची दुसरी बाजू अशी कीं, वरची पातळी उपशामुळें कायमची १ फूट खालावली तर खालून खारें पाणी सुमारें ४० फूट वर सरकूं शकतें. विहिरींत फुटाचा फरक पडला, त्यांत एवढें काय, असें म्हणणाऱ्या गृहस्थांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

वसईच्या जुन्या बागाइतदारांनीं, ते वाडवळ असोत, सामवेदी असोत वा ख्रिस्ती असोत, हा हिशेब कागदावर कधीं मांडला नसेल. पण त्यांच्या सगळ्या व्यवस्थेंत तो मुरलेला दिसतो. बैलानें ओढलेला रहाट विहिरींतून हळूहळू पाणी काढी. बैल दमे तेव्हां विहिरीलाहि विश्रांति मिळे. वाडींत ठिकठिकाणीं बावखलें खणलेलीं असत. बावखल म्हणजे मोठा उघडा खड्डा किंवा लहानशी तळी. पावसाळ्यांत तें भरून जाई, त्यांतलें पाणी झाडांना घालीत, आणि उरलेलें सावकाश जमिनींत मुरून भोवतालच्या विहिरींना जाऊन मिळे. पुढें तेलाचीं इंजिनें आलीं, मग विजेचे पंप आले, आणि रहाट दिवसभर काढी त्याहून अधिक पाणी तासाभरांत वर येऊं लागलें. त्यानंतर टँकर आले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हरित वसई संरक्षण समितीनें जें आंदोलन केलें त्यांत पाण्याच्या ह्या उपशाचा प्रश्न अग्रभागीं होता. समितीचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) हे आपल्या वाचकांस मराठी लेखक म्हणूनहि परिचित आहेत. पुढें घरांना जागा हवी म्हणून कितीतरी बावखलें भरावानें बुजलीं. जुलै २०१८ मध्यें वसईचा परिसर कित्येक दिवस पाण्याखालीं राहिला, तेव्हां ह्या बुजलेल्या बावखलांची पुष्कळांस आठवण झाली. जें पाणी जमिनीच्या पोटांत जावयाचें तें घराच्या ओटीवर आलें होतें.

इतका इतिहास पुरे. आमच्या वाचकांनीं काय करावें तें सांगतों. कारण अलिबागपासून मालवणापर्यंत किनाऱ्यावर ज्यांचें घर, मूळचें परस किंवा आजोळ आहे, त्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट मनास विलक्षण वाटेल. विहीर मचूळ होऊं लागली तर ती खोल करूं नये. देशावर पाणी आटलें कीं चार हात खोल जाणें हें शहाणपण ठरतें. किनाऱ्यावर चार हात खोल जाणें म्हणजे आपण होऊन खाऱ्या पाण्याच्या भेटीस जाणें. कूपनलिकेची गोष्ट तर बोलावयासच नको. उलट उपसा वांटून घ्यावा. सकाळीं अर्धा तास पंप चालवावा, मध्यें विहिरीस सांवरूं द्यावें, मग सायंकाळीं पुन्हां थोडा चालवावा. एकदम टाकी भरून मोकळें होण्याची जी घाई असते, ती एकत्र कुटुंबांत फार. कारण न्हाणें, धुणें, भांडीं हीं सर्वांचीं एकाच प्रहरीं पडतात. धुण्याचा वेळ दुपारवर ढकलला तरी अर्धें काम होतें. हा बदल सुनांना सांगून होत नाहीं, घरांतल्या कर्त्या पुरुषांनीं आपल्या स्नानाच्या वेळा आधीं बदलाव्या लागतात, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट छपराची. उत्तर कोंकणांत वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एवढा पाऊस म्हणजे दोन लाख लिटर पाणी! उडालेलें, गळालेलें वजा केलें तरी दीड लाख लिटर हातीं लागावें. दहा माणसांच्या घरास माणशीं शंभर लिटर धरले तर हें पाणी पांच महिन्यांचें झालें. आणि आपण तें पन्हळीवाटे गटारांत सोडून देऊन वैशाखांत टँकरची वाट पाहतों. तें सारें साठविणें कोणासच शक्य नाहीं, पण मुरविणें शक्य आहे. ज्येष्ठ लागण्यापूर्वीं छप्पर व पन्हळी झाडून घ्याव्या. पहिल्या दोनतीन सरींचें पाणी वाहूं द्यावें, त्यांत धूळ व पक्ष्यांची घाण असते. मग पन्हळीचें तोंड विहिरीजवळच्या एका खड्ड्यांत सोडावें. खड्ड्यांत तळाशीं मोठे दगड, त्यांवर खडी आणि वर जाड वाळू घालावी. वाळूचा वरचा थर दरवर्षीं काढून धुवावा. हें विसरलें कीं खड्डा तुंबतो आणि मग सगळी योजनाच वाईट असें लोक म्हणूं लागतात. शौचकूपाची टांकी विहिरीपासून निदान पन्नास फुटांवर असावी. जुन्या परसांत ती जवळ असेल तर विहिरींत पाणी सोडण्याच्या उत्साहापूर्वीं तिची व्यवस्था पाहावी.

मोरीच्या पाण्याविषयीं आपल्याकडे उगीच किळस आहे. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेलें पाणी तर झाडांना सरळ घालावें. आंघोळीचें व धुण्याचें पाणी साबणाचें असतें. तें एकाच झाडाला रोज घालूं नये. मोरीच्या तोंडाशीं केळ, अळू व कर्दळ लावण्याची जी चाल कोंकणांत आहे तिच्याइतकी सोपी व्यवस्था दुसरी नाहीं. हीं तिन्ही झाडें तहानलेलीं असतात आणि पाणी सांचूं देत नाहींत. केळीचीं पिल्लें मात्र वाढूं देऊं नयेत. घड धरलेल्या केळीजवळ एकच जोमदार पिल्लूं राखून बाकीचीं काढावीं, नाहीं तर घडाची फणी करंगळीएवढी होते. वाडींतला बागाइतदार हें काम विळ्याच्या एका फटक्यानें करितो; आपल्या घरांत त्यावर दोन दिवस हळहळ चालते.

बागेंत पाणी कमी लागावें म्हणून जमीन झांकावी. पडलेला पाचोळा पेटविणें हा परसांतला सर्वांत वाईट उद्योग होय. त्याच्या धुरानें दम्याच्या माणसाची रात्र जाते आणि झाडाचें पांघरूण जळतें. पाचोळा, केळीचीं सुकीं पानें व नारळाचीं सोडणें आळ्यांत पसरावीं. सोडणांची पाठ वर ठेवावी म्हणजे त्यांत पाणी सांचून डांस होत नाहींत. पाणी सायंकाळीं किंवा उजाडतां घालावें.

झाडांच्या पानांकडे पाहण्याची संवय मुलांना लावावी. पानाची कड व टोंक करपून तपकिरी होऊं लागलें, आणि पाणी तर रोज मिळतें आहे, तर बहुधा पाण्यांत मीठ वाढलें आहे असें समजावें. केळ व पानवेल ही खूण लवकर दाखवितात. नारळ व चिकू पुष्कळ सोसतात, म्हणून त्यांच्या भरंवशावर राहूं नये. अशा वेळीं थोडें थोडें पाणी रोज देण्यापेक्षां दोनतीन दिवसांनीं भरपूर द्यावें, म्हणजे मीठ मुळांपासून खालीं वाहून जातें. आजकाल घरोघरीं पाणी शुद्ध करण्याचीं जीं यंत्रें आहेत त्यांचें टाकाऊ पाणी मूळ पाण्याहून अधिक क्षारयुक्त असतें. नळाचें गोडें पाणी असेल तर त्या टाकाऊ पाण्यानें लादी पुसावी, भांडीं विसळावीं; पण विहीरच मचूळ असेल तर तें कुंड्यांना चुकूनहि घालूं नये.

वसईची फुलें रोज पहाटे लोकलनें दादरच्या बाजारास जातात हें मुंबईकर वाचकांस ठाऊकच आहे. त्या वाड्यांतली एक युक्ति घरच्या मोगऱ्यालाहि लागू पडते. मार्गशीर्षाच्या सुमारास मोगऱ्याचें पाणी तोडावें, तो थोडा कोमेजूं द्यावा, मग हातभर उंचीवर छाटून, पानें काढून टाकून, कुजलेलें शेणखत घालून पुन्हां पाणी सुरू करावें. फाल्गुनापासून कळ्या येऊं लागतात. माया करून ज्याला वर्षभर पाणी पाजलें तो मोगरा पानांनीं डवरतो आणि पूजेच्या तबकांत मात्र दोन फुलें देतो. ज्यांचें बिऱ्हाड पुण्याठाण्याच्या तिसऱ्या मजल्यावर आहे त्यांनींहि कुंडींतल्या मोगऱ्यावर हा प्रयोग अवश्य करावा. कुंडी मोठी व तळाशीं भोंकें मोकळीं असलीं म्हणजे झालें.

डांसांविषयीं सविस्तर लिहिण्याचें कारण नाहीं. १८९७ सालीं रॉस ह्यांनीं सिकंदराबादेस डांस व हिंवताप ह्यांचा संबंध दाखविला तेव्हांपासून हें शास्त्र शाळेच्या पुस्तकांत आहे. अंड्यापासून डांस होण्यास आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यांतून एक वार कोरडा पाळावा. पिंप, कुंडीखालची बशी, पक्ष्यांचें भांडें व फुलदाणी हीं सर्व रिकामीं करून आंतून घासावीं. नुसतें पाणी ओतून देणें पुरत नाहीं. डेंग्यूच्या डांसाचीं अंडीं भांड्याच्या कडेस चिकटतात आणि महिनोन् महिने कोरडीं राहूनहि जगतात. विहिरीस बारीक जाळी बसवावी. बंदिस्त हौदांत गप्पी मासे सोडावे. बावखलांत मात्र बाहेरचे मासे सोडूं नयेत. तेथें मूळचे मासे असतात व तेच हें काम करितात. डांस होतात म्हणून बावखल बुजविणें म्हणजे ढेकूण झाले म्हणून घर मोडण्यासारखें आहे.

राहिलें विहिरीचें शुद्धीकरण. पुष्कळ घरांत विरंजक चूर्ण अंदाजानें, मुठीनें टाकतात. त्यानें एक तर पाणी उग्र होतें, नाहीं तर कांहींच होत नाहीं. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्यें घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीनें गुणावें, मग ७८५ नें गुणावें. उत्तर लिटरमध्यें येतें. तीन मीटर व्यासाच्या विहिरींत चार मीटर पाणी असेल तर सुमारें २८,००० लिटर झालें. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजें चूर्ण, म्हणजे ७० ग्रॅम. तें बादलींत पाण्याशीं कालवून निवूं द्यावें, खालचा चुन्याचा गाळ टाकून वरचें पाणी पोहऱ्यांतून विहिरींत खोल सोडून हिसळावें. हें रात्रीं करावें, म्हणजे सकाळपर्यंत विहिरीस हात लागत नाहीं. चूर्णाचा डबा उघडा राहिला तर त्यांतला क्लोरीन उडून जातो; म्हणून लहान डबा आणावा आणि मुलांच्या हातीं लागणार नाहीं असा ठेवावा.

पाण्याची परीक्षा वर्षांतून दोनदां करून घ्यावी, एकदां वैशाखांत व एकदां दिवाळीच्या आसपास. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असलेले चांगले, दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालतात, असें भारतीय मानक आहे. क्लोराइडाचे आंकडे तसेच २५० व १,००० आहेत. घरांत रक्तदाबाचें माणूस असेल तर मचूळ पाणी पिण्यास वापरण्यापूर्वीं वैद्यांस विचारावें. घरच्या घरीं ओळखावयाचें तर डाळ शिजण्यास लागणारा वेळ व साबणाचा फेस ह्यांवरून जडपणा कळतो, मीठ मात्र जिभेलाच कळतें, आणि जीभ रोजच्या पाण्याला फार लवकर सरावते. म्हणून दोन्ही परीक्षांचे आंकडे विहिरीच्या कठड्यावर नव्हे, तर स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेवर तारखेसह लिहून ठेवावे, आणि ती दिनदर्शिका वर्ष संपल्यावर रद्दींत टाकूं नये.