बेणं, तुरा आणि प्रबंध

बारामतीहून इंदापूरला निघालं की भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन आणि मग अंथुर्णे. तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरीला जाते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस वाटभर सोबत करतो. बांधावर कुणाला उसाची जात विचारा. उत्तर आकड्यात येतं. ८६०३२, नाहीतर २६५. हे संशोधन केंद्राच्या वहीतले क्रमांक आहेत, आणि ते घरच्या नावांसारखे तोंडात बसले आहेत.

उच्च शिक्षणात सध्या ‘ओपन इनोव्हेशन’ची चर्चा जोरात आहे. अमेरिकी प्राध्यापक हेन्री चेसब्रो यांनी २००३ साली आपल्या पुस्तकातून हा शब्द रूढ केला. नवी कल्पना एकाच संस्थेच्या भिंतीआड पिकत नाही, ती बाहेरून घ्यावी आणि आपलीही बाहेर जाऊ द्यावी, असा त्याचा आशय. नीरेच्या खोऱ्यात मात्र हा व्यवहार नव्वद वर्षांहून जुना आहे.

आपल्याकडे उसाला तुरा येतो, पण संकराला उपयोगी पडेल असं बी त्यात सहसा धरत नाही. कोइमतूरच्या हवेत धरतं. म्हणून १९१२ साली तिथे ऊस पैदास संस्था निघाली. निरनिराळ्या राज्यांतली केंद्रं तिथे संकर करतात, तुऱ्यातलं कापसासारखं हलकं बी आपापल्या ठिकाणी आणतात, रोपं वाढवतात आणि वर्षानुवर्षं निवड करत बसतात. आपल्या भागासाठी हे काम फलटण तालुक्यातल्या पाडेगावला चालतं. ते केंद्र १९३२ सालचं. आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. ८६०३२ चा एक पालक कोइमतूरचा को ६२१९८, दुसरा कडलूरला निवडलेला कोसी ६७१. पाडेगावहून २००७ साली प्रसारित झालेल्या २६५ चं कागदावरचं नाव कोएम ०२६५. त्यातला ‘को’ कोइमतूरचा आणि ‘एम’ महाराष्ट्राचा. ज्ञान कुणाकुणाच्या हातून आलं, ते जातीच्या नावातच लिहून ठेवण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

पुढचं काम बेण्याचं. चांगल्या प्लॉटचं बेणं पाहुण्यारावळ्यांतून, शेजाऱ्यापाजाऱ्यांतून पसरतं, आणि कुठल्या जमिनीत कोणती जात फुटवा धरते हे त्याबरोबरच कळत जातं. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याचा बियाणं राखण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क मान्य केला. फक्त संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने विकायला मनाई आहे. पैशांच्या बाजूनेही शेतकरी मागे राहिला नाही. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली उभी राहिली ती सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांच्या बळावर.

द्राक्षांत तर गंगा उलटी वाहिली. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या बागेत थॉम्सन जातीच्या वेलीवर वेगळी फांदी ओळखली गेली आणि तास-ए-गणेश मिळालं. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका निवडलं. काडी एका बागेतून दुसरीत गेली, शास्त्रज्ञांनी मागाहून अभ्यास केला. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं १९९७ साली. तोवर या जाती बागांतून नांदत होत्या.

नीरेपलीकडे फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापलेल्या ‘नारी’ संस्थेची मेंढी हे मला या देवघेवीचं सर्वांत पुरं वाटणारं उदाहरण. सुंदरबनातल्या बुटक्या गरोळ मेंढीत जुळी कोकरं देणारं जनुक होतं. ते दख्खनी मेंढीत आणायचं, तर पिढी दर पिढी कुठल्या कोकरात जनुक उतरलं हे कळायला हवं. ती डीएनए तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाली आणि ऑस्ट्रेलियातली विद्यापीठंही सहभागी झाली. पण मेंढी रानात टिकते का, दोन कोकरांना दूध पुरतं का, याचा निकाल धनगरांच्या वाड्यावरच लागायचा होता. म्हणून मेंढ्या त्यांच्या कळपांत दिल्या आणि नोंदी तिथून घेतल्या.

ज्ञान गावाकडे येण्याच्या वाटा पुष्कळ झाल्या. बारामतीचा अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट १९७१ पासून आहे, त्याचं कृषी विज्ञान केंद्र १९९२ पासून. माळेगाव खुर्दला २००९ साली अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आली. गावातून गेलेलं ज्ञान परत येण्याची वाट मात्र अजून अरुंद आहे. २००९ च्या युजीसी नियमांनी पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर खुले करायला लावले, २०१३ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने खुल्या प्रवेशाचं धोरण स्वीकारलं, शेतीचे प्रबंध ‘कृषिकोश’वर आहेत. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे सरकारी शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. कुलूप निघालं, पण आतलं बहुतेक सगळं इंग्रजीत. ज्याच्या वाफ्यातल्या मातीवर तक्ते बेतले, त्याला ते वाचता येत नाहीत. ही त्रुटी मला किरकोळ वाटत नाही.

बारामतीत २०२४ पासून ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या सहभागाने सुमारे हजार शेतकऱ्यांच्या उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू झाला. मातीतले सेन्सर, हवामान केंद्र, उपग्रहाची चित्रं, आणि मोबाइलवर मराठीतून सल्ला: पाणी कधी, खत किती. सल्ला मराठीत आला हे उत्तम. पण ओलाव्याच्या ज्या नोंदींवरून यंत्र शिकतं, त्याही गावाला मागता याव्यात. त्या नोंदी म्हणजे नव्या काळाचं बेणंच.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात राहायला येतात. देवळासमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, माती नमुना कसा घ्यावा ते दाखवतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात. घरोघर माहिती विचारून अहवाल लिहितात. तो महाविद्यालयात जमा होतो. पुढची तुकडी येईल तेव्हा तिने पहिल्या दिवशी आधीच्या तुकडीचा अहवाल मराठीत ग्रामसभेपुढे वाचावा आणि चुकलेले आकडे गावाने तिथेच दुरुस्त करून द्यावेत. त्यासाठी नव्या योजनेची गरज नाही. एक सतरंजी आणि संध्याकाळचे दोन तास पुरतील.